850 रुपयांचं बिल आणि सहा लाखांचा प्रश्न: मित्रांसोबत चायनीज खाताना मांडलेला हिशोब



"सर, चायनीजचं टाकू का?" हा प्रश्न मला पुन्हा पुन्हा येतो. विरारवरून येतो, नालासोपाऱ्यातून येतो, बोईसरवरून येतो. कुणाकडे गाळा असतो, कुणाकडे थोडे पैसे असतात, आणि प्रत्येकाकडे एक हमखास वाक्य असतं: "चायनीज तर कायम चालतं ना!"

या वेळी हाच प्रश्न माझ्या शाळेतल्या मित्राने विचारला. तोही समोर लॉलीपॉपची प्लेट असताना. त्या रात्री टेबलावर जे बोलणं झालं, ते जसंच्या तसं तुमच्यासमोर ठेवतो. वही-पेन घेऊन बसा, आकडे बरेच आहेत.

आमचा अड्डा

आम्ही चौघं एकाच शाळेतले. एक वसई गावात राहतो, एक नालासोपारा पूर्वेला, एक विरारच्या ग्लोबल सिटीत आणि मी वसई रोडला. महिन्यातून दोनदा, शनिवारी रात्री, अंबाडी रोडच्या आतल्या गल्लीतल्या एका छोट्या चायनीजमध्ये भेटतो. सात टेबलं, भिंतीवर लाल कागदी कंदील, दाराशीच भट्टी. बाहेर उभं राहिलं तरी कढईवर कडची आपटल्याचा आवाज येतो. फॅमिली रूम नाही, एसी नाही. पण मालक ओळखतो, आणि आमची ऑर्डर वेटरला पाठ आहे.

ती अशी:

दोन व्हेज मंचाव सूप, दोन्ही वन बाय टू: 180 रुपये
चिकन लॉलीपॉप फुल: 220
चिकन ट्रिपल राईस फुल: 240
व्हेज मंचुरियन ड्राय हाफ: 100 (आमच्यातला एक जण शनिवार पाळतो)
व्हेज हक्का नूडल्स हाफ: 90 (तोही त्याच्यासाठीच, पण खातात सगळे)
पाण्याची बाटली: 20

एकूण 850. माणशी 212 रुपये आणि वर थोडी चिल्लर. आजच्या दिवसात चार माणसं पोटभर जेवतात आणि दीड तास गप्पा मारतात, तेही सव्वादोनशेच्या आत. म्हणून तर आपण जातो.

आमच्यातला एक जण वालीवच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचा. कारखाना गुजरातला हलला. याचा हिशोब झाला, पीएफ आणि इतर मिळून सहा लाख हातात आले. वय 46, मुलगी बारावीला. सूप येईपर्यंत तो गप्प होता. मग म्हणाला, "सोमवारी टोकन देतोय. आचोळे रोडला गाळा बघितलाय. चायनीज टाकतोय."

टेम्पोवाल्या मित्राने टाळी दिली. "मग काय, आपला अड्डा तिकडेच!"

मी विचारलं, "चालेल कशावरून?"

तो म्हणाला, "अरे, आपण किती वर्षं येतोय इथे? आपल्यासारखे किती असतील!"

मंडळी, इथेच थांबा. हीच चूक मी सगळ्यात जास्त बघतो. आपल्याला जिथे बसायला आवडतं, तो धंदा आपल्याला जमेलच, असं आपण धरून चालतो. गिऱ्हाईकाच्या खुर्चीतून दुकान भरलेलं दिसतं. गल्ल्यावरून ते वेगळंच दिसतं.

हा पदार्थ चीनचा नाही, आपला आहे

हिशोबाआधी एक गोष्ट समजून घेऊ, कारण धंद्याचं मूळ तिथे आहे.

चीनमध्ये घरचं जेवण म्हणजे प्रत्येकाच्या वाटीत साधा वाफेवरचा भात, आणि मधोमध सगळ्यांनी वाटून घ्यायच्या दोन-तीन भाज्या किंवा मांसाचे पदार्थ आणि सूप. आपण जे खातो ते त्यापासून बरंच लांब आलंय. भारतात चिनी वस्ती सुरू झाली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस, कोलकात्याजवळ. टाँग अच्यू नावाच्या व्यापाऱ्याने तिथे साखरेचा कारखाना काढला. त्याच्या नावावरून त्या जागेला आजही अचिपूर म्हणतात. पुढे कोलकात्यात हक्का समाजाचे लोक स्थिरावले. टांगरा भागात त्यांचे चामड्याचे कारखाने होते, नंतर तिथेच हॉटेलं उभी राहिली. आपल्या मेनूतला 'हक्का' शब्द या समाजाच्या नावाचा आहे.

आणि मंचुरियन? ते थेट मुंबईचं. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वांग 1975 च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियात स्वयंपाक करत होते. सांगतात असं की, गिऱ्हाईकाने काहीतरी नवीन मागितलं. त्यांनी सुरुवात आपल्यासारखीच केली, आलं, लसूण, हिरवी मिरची. पण गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस टाकला आणि कॉर्नफ्लोअर लावून रस्सा दाट केला. पुढे त्यांनी मुंबईत 'चायना गार्डन' काढलं आणि त्यांचं मंचुरियन देशभर गाड्यांवर पोचलं.

आपली शेजवान चटणी तशीच. सिचुआन प्रांतातल्या स्वयंपाकात जीभ झिणझिणवणारी एक मिरी वापरतात. गंमत म्हणजे कोकणात बांगड्याच्या आमटीत आपण जे तिरफळ घालतो, ते याच मिरीच्या कुळातलं. पण आपल्या शेजवान चटणीत ती मिरी नसतेच. तिच्यात असते लाल मिरची आणि भरपूर लसूण. म्हणजे नाव तिकडचं, ठेचा आपला.

यातून उद्योजकाने काय घ्यायचं? हे जेवण अस्सल आहे म्हणून चाललं नाही. ते आपल्या जिभेपाशी आलं, तेही परवडणाऱ्या दरात, म्हणून चाललं. आणि एक गोष्ट चीनच्या घरातली तशीच राहिली: मधोमध प्लेट आणि सगळ्यांचे चमचे. 'वन बाय टू' सूप हा त्याचाच आपला अवतार. एक बाउल 90 ला, दोघांत वाटून 45 ला. मित्र इथे येतात त्याचं हेच कारण आहे.

आणि हा बाजार छोटा समजू नका. 'चिंग्ज सीक्रेट' बनवणारी कॅपिटल फूड्स ही कंपनी घेण्याचं टाटा कन्झ्युमरने जानेवारी 2024 मध्ये जाहीर केलं, तेव्हा तिचं मूल्य 5,100 कोटी रुपये धरलं होतं. देशी चायनीजला बाजार आहे, यात वाद नाही. प्रश्न एवढाच की, आचोळे रोडच्या त्या एका गाळ्यात, त्या सहा लाखांत, ते जमतं का?

टिश्यू पेपरवरचा हिशोब

मी वेटरकडून पेन घेतलं. मित्राने बघितलेला गाळा, त्याने काढलेले पगाराचे अंदाज, सगळं त्याच्याच तोंडून घेतलं. आकडे त्याचे आहेत. तुमच्या गल्लीत वेगळे असतील. पद्धत मात्र हीच ठेवा.

दर महिन्याचा ठरलेला खर्च, म्हणजे गिऱ्हाईक आलं नाही तरी द्यावाच लागणारा:

गाळ्याचं भाडं: 30,000
कारागीर: 26,000
हेल्पर: 15,000
दोन वेटर: 26,000
वीज आणि पाणी: 9,000
साफसफाई, दुरुस्ती, किरकोळ: 4,000

बेरीज 1,10,000. "झालं," तो म्हणाला.

"तुझा पगार?"

"मी तर मालक. उरेल ते माझं."

मंडळी, हे वाक्य वहीत लिहा आणि त्यावर फुली मारा. मालकाचा पगार हा खर्च असतो. घरचा किराणा, मुलीची फी, लोकलचा पास, हे 'उरेल' त्यातून चालत नाही. त्याचे 20,000 धरले. एकूण 1,30,000. महिन्याला 26 दिवस दुकान उघडं धरलं, तर दिवसाला 5,000.

आता शंभर रुपयांच्या विक्रीत काय जातं ते बघू. कच्चा माल, म्हणजे चिकन, तांदूळ, नूडल्स, कोबी, सिमला मिरची, पातीचा कांदा, सॉस आणि तेल: 38 रुपये. गॅस: 5. टिश्यू, साबण, बडीशेप वगैरे: 2. म्हणजे 45 गेले, 55 राहिले.

रोजचे 5,000 या 55 मधून निघायला हवेत. 5,000 भागिले 0.55 म्हणजे जवळजवळ 9,100 रुपयांची रोजची विक्री. आणि हे नफ्यासाठी नाही हां, फक्त बुडू नये म्हणून.

आमच्यासारखी 850 ची टेबलं धरली, तर रोज 11 टेबलं.

"अकरा ना? येतील की!" टेम्पोवाला म्हणाला.

मी घड्याळ दाखवलं. आम्ही आठ वाजून वीस मिनिटांनी बसलो होतो. सूप, लॉलीपॉप, राईस, मग गप्पा. आम्ही साधारण 85 मिनिटं टेबल अडवतो. आपल्याकडे लोक लोकलने घरी पोचतात, हातपाय धुतात आणि मग बाहेर पडतात. चायनीजची खरी वेळ रात्री आठ ते अकरा. तीन तासांत एक टेबल दोनदाच भरतं. सात टेबलं गुणिले दोन, चौदा. म्हणजे दुकान खचाखच भरलं तर 14, आणि बुडू नये म्हणून हवीत 11.

शनिवारी 14 होतील. मंगळवारी? श्रावणात? मार्गशीर्षातल्या गुरुवारी? आपल्या वसईत ख्रिस्ती बांधवांचा ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळही असतो. आणि पाऊस. जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी साचून लोकल ठप्प झाली होती, ते आठवतंय ना? ज्या रात्री माणूस घरी पोचत नाही, त्या रात्री तो लॉलीपॉप खायलाही येत नाही. भाडं मात्र त्या रात्रीचंही लागतं.

बँकेत काम करणारा मित्र तोवर गप्प होता. तो म्हणाला, "जीएसटी?"

रोज 9,100 म्हणजे वर्षाला 28 लाखांच्या वर. हॉटेलच्या सेवेसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा 20 लाख उलाढाल आहे. छोट्या हॉटेलवाल्यांसाठी कंपोझिशन योजना आहे, दर 5 टक्के, पण तो कर गिऱ्हाईकाकडून वेगळा घेता येत नाही, स्वतःच्या खिशातून भरायचा. मग 55 चे झाले 50. बुडू नये म्हणून लागणारी विक्री 9,100 वरून थेट 10,000 वर गेली. अकरा टेबलांची बारा झाली. चौदापैकी बारा, रोज.

मित्राने चमचा खाली ठेवला.

मित्र म्हणजे बाजारपेठ नव्हे

"पण तुम्ही याल ना?" त्याने विचारलं. प्रश्न साधा होता, पण आवाज साधा नव्हता.

येणारच. मित्र आहोत. म्हणून तोही हिशोब केला. आम्ही महिन्यातून दोनदा येणार, दर वेळी 850. महिन्याचे 1,700. त्याला महिन्याला लागणार दोन लाख छत्तीस हजार. म्हणजे शंभर रुपयांतला पाऊण रुपयाही आमचा नाही.

आणि खरं सांगायचं तर मित्र उधारी ठेवतात, मित्र जास्त वेळ बसतात, आणि मित्राकडून बिल घेताना आपलाच हात अडखळतो. दुकानाच्या उद्घाटनाला मित्र लागतात. भाडं भरायला अनोळखी माणसं लागतात. मंगळवारी पावसात, आपलं नावही माहीत नसताना येणारं गिऱ्हाईक, ती तुमची बाजारपेठ.

मग हा मालक टिकला कसा?

हा खरा प्रश्न. ज्या दुकानात आम्ही बसलो होतो, ते वर्षानुवर्षं चालू आहे. मी मित्राला म्हटलं, "आता खाऊ नकोस, बघ." आणि आम्ही चौघं गप्पा थांबवून बघायला लागलो.

पहिली गोष्ट: दाराशी उभी असलेली माणसं. आम्ही बसल्यापासून उठेपर्यंत 21 पार्सलं बाहेर गेली. नालासोपाऱ्याच्या मित्राने बोटांवर मोजली. पार्सल सरासरी 180 चं धरा. 3,780 रुपये, 85 मिनिटांत. त्यांना खुर्ची लागली नाही, वेटर लागला नाही, ग्लास विसळावा लागला नाही. त्याच वेळात आत पाच टेबलं भरलेली होती. प्रत्येकी 850 धरले तरी 4,250. म्हणजे दारातल्या फळीने जवळजवळ आतल्या पाच टेबलांएवढं कमावलं. टेबलं दुकानाला नाव देतात. पार्सल पगार देतं.

दुसरी गोष्ट: मेनू. कार्डावर शंभराच्या वर नावं. पण भट्टीशेजारी बघा. उकडून थंड केलेला भात, उकडलेल्या नूडल्स, तळलेले मंचुरियनचे गोळे, मुरवलेलं चिकन, चिरलेली भाजी, आणि दोन-तीन सॉस. बस. सगळी नावं याच डब्यांच्या जुळवणीतून निघतात. ट्रिपल राईस म्हणजे भात, नूडल्स आणि ग्रेव्ही एकाच प्लेटमध्ये. चायनीज भेळ म्हणजे तळलेल्या नूडल्स, कोबी आणि चटणी. त्यामुळे माल वाया जात नाही. आणि दोन जणांनी एकच राईस मागितला, तर तो एकाच डावात निघतो. एका डावाला 4 मिनिटं धरली, तर एक कढई तासाला 15 डाव देते. गर्दीच्या वेळी तुमची मर्यादा खुर्च्या नसतात, कढई असते.

तिसरी गोष्ट: मालक स्वतः. मध्येच कारागीर पाणी प्यायला गेला, तर मालकाने कडची हातात घेतली. ही साधी गोष्ट नाही. या धंद्यात कारागीर गावी जातो, पगार वाढवून मागतो, समोरच्या दुकानात जातो. ज्या मालकाला कढई फिरवता येत नाही, तो स्वतःच्याच दुकानात भाडेकरू असतो.

चौथी गोष्ट: बडीशेप. आमचं खाऊन झालं, गप्पा सुरू झाल्या. बाहेर दोन कुटुंबं उभी होती. वेटरने काही म्हटलं नाही. त्याने टेबल पुसलं, बडीशेपेची वाटी आणि बिल ठेवलं. आम्ही हसलो, पण पाच मिनिटांत उठायला निघालो. गिऱ्हाईकाला न दुखावता टेबल मोकळं करणं ही कला आहे, आणि तिची किंमत तुम्ही मघाशी टिश्यूवर बघितली.

तीन ठिकाणी मालकाने 'नाही' म्हटलं

निघताना शेजारच्या टेबलावरच्या मुलांनी चार रिकामे ग्लास मागितले. टेबलाखाली पिशवी होती. मालक हात जोडून म्हणाला, "दादा, इथे नाही चालत." मुलं उठून गेली. सातशे-आठशेचं बिल गेलं. पण परवाना नसलेल्या हॉटेलात दारू पिऊ देणं हा महाराष्ट्र दारूबंदी कायदा 1949 प्रमाणे गुन्हा आहे, आणि एकदा दुकानाचं तसं नाव झालं की कुटुंबं यायची बंद होतात.

दुसरं 'नाही' रंगाला. त्याचं मंचुरियन भडक लाल नसतं, तपकिरी असतं. रंगासाठी तो काश्मिरी मिरची वापरतो. मार्च 2024 मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरायला बंदी घातली. त्याच सुमारास गोव्यात म्हापसा नगरपालिकेने तर गोबी मंचुरियनच्या स्टॉललाच विरोध केला. म्हणजे काही जणांच्या रंगामुळे पदार्थच बदनाम झाला. तुमची मिरची तुम्हाला वाचवेल.

तिसरं 'नाही' कालच्या भाताला. फ्राईड राईसला भात थंड लागतो, म्हणून बरेच जण सकाळी शिजवलेला भात रात्रीपर्यंत उघड्यावर ठेवतात. ते धोक्याचं आहे. भातातल्या एका प्रकारच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष नंतर भट्टीवर परतूनही जात नाही. भात पसरून पटकन गार करायचा आणि फ्रीजमध्ये 5 अंशांच्या खाली ठेवायचा. तळणाच्या तेलाचंही तसंच. एफएसएसएआयने त्यातल्या खराब घटकांना 25 टक्क्यांची मर्यादा घातली आहे. काळं, फेसाळणारं तेल फेकायचं, दुसऱ्या दिवशी नवीन तेलात मिसळायचं नाही.

कागदपत्रांचंही थोडक्यात सांगतो. एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना तुमच्या उलाढालीप्रमाणे, आणि त्याचा 14 अंकी नंबर बिलावर. घरगुती लाल सिलेंडर दुकानात चालत नाही, 19 किलोचा व्यावसायिक सिलेंडर घ्यायचा. आणि आपल्या भागात सगळ्यात आधी बघायचं ते गाळ्याच्या इमारतीचे कागद. नालासोपारा पूर्वेला कोर्टाच्या आदेशानंतर 41 अनधिकृत इमारती महापालिकेने पाडल्या, ते काम 2025 च्या सुरुवातीला संपलं. अशा इमारतीत तुमचं डिपॉझिट आणि भट्टी असती तर? स्वस्त गाळा का स्वस्त आहे, हे आधी विचारा, टोकन नंतर.

सोमवारी काय झालं?

बिल त्या रात्री त्यानेच भरलं. आम्ही नको म्हटलं, तरी भरलं. बाहेर स्टँडवर रिक्षासाठी उभे असताना म्हणाला, "म्हणजे करू नको म्हणतोस?"

मी म्हटलं, "मी कर किंवा नको, यातलं काहीच म्हणत नाहीये. तुझे सहा लाख पुन्हा येणार नाहीत. मोजल्याशिवाय देऊ नकोस, एवढंच."

त्याने सोमवारी टोकन दिलं नाही. गाळ्याचा एजंट दोन दिवस फोन करत होता, मग तो गाळा दुसऱ्याला गेला. आठवडाभर मित्र माझ्याशी नीट बोललाही नाही. मलाही वाटत होतं, आपण त्याचा उत्साह मारला का?

मग त्याने स्वतःच फोन केला. विरारच्या एका चायनीजवाल्याकडे संध्याकाळी सहा ते अकरा तो मदतीला जायला लागला होता. पगार नाही, रात्रीचं जेवण आणि शिकणं. पहिले चार दिवस फक्त कोबी चिरला. दहाव्या दिवशी पहिल्यांदा कडची हातात मिळाली आणि राईस कढईबाहेर गेला. तिसऱ्या आठवड्यात त्याने मला स्वतःचा हिशोब पाठवला. टिश्यूवर नाही, वहीच्या पानावर.

फक्त पार्सलचं दुकान. छोटा गाळा, भाडं 15,000. एक कारागीर 26,000, एक हेल्पर 15,000, वीज-पाणी 5,000, किरकोळ 3,000. वेटर नाही, काउंटरवर स्वतः. स्वतःचा पगार 20,000, आणि तो त्याने या वेळी न सांगता लिहिला होता! एकूण 84,000, म्हणजे दिवसाला 3,230 च्या आसपास. डबे आणि पिशव्यांचा खर्च जास्त धरून शंभरातले 50 उरतात. रोज साधारण 6,460 ची विक्री, म्हणजे 180 ची 36 पार्सलं. इथेही वर्षाचे 20 लाख होतात, म्हणजे जीएसटीची रेघ जवळच आहे, हे त्याने खाली लाल पेनाने लिहिलं होतं.

36 पार्सलं जमतील का? आता तो त्या उत्तरासाठी रोज रात्री वेगवेगळ्या गल्लीत, वेगवेगळ्या दुकानांसमोर उभा राहून मोजतोय. मंगळवारीसुद्धा. दुकान अजून उघडलेलं नाही. सहा लाख अजून बँकेत आहेत. काल म्हणाला, "कोबी चिरून खांदा भरून आला रे. पण आता कुणी चायनीज चालतंच म्हटलं की हसू येतं."

तुमचा गृहपाठ

आता तुमची पाळी. या शनिवारी मित्रांना घेऊन तुमच्या नेहमीच्या चायनीजमध्ये जा. मनसोक्त खा. पण एक वही सोबत ठेवा आणि पाच गोष्टी लिहा:

1. तुम्ही टेबल किती मिनिटं अडवलं आणि बिल किती झालं?
2. तेवढ्या वेळात किती पार्सलं गेली?
3. भट्टीशेजारी किती डबे आहेत आणि मेनूवर किती नावं?
4. मालक कुठे उभा आहे, गल्ल्यावर, भट्टीवर की मोबाईलवर?
5. कुणाला, कशासाठी 'नाही' म्हटलं गेलं?

मग त्याच दुकानासमोर मंगळवारी रात्री नऊ वाजता जाऊन उभे राहा आणि पुन्हा मोजा. शनिवारचा आकडा तुम्हाला स्वप्न दाखवेल, मंगळवारचा आकडा खरं सांगेल. टोकन मंगळवारच्या आकड्यावर द्यायचं.

तुमचे आकडे लिहून पाठवा. तुमच्या गावाचं भाडं, तुमच्या बाजारातला चिकनचा दर घालून हाच हिशोब आपण पुढच्या व्हिडिओत फळ्यावर एकत्र मांडू.

आणि हो, पुढच्या शनिवारी आम्ही चौघं पुन्हा तिथेच बसणार आहोत. ऑर्डर तीच. फक्त बडीशेप आली की आता आम्ही लगेच उठतो. बाहेर कुणीतरी उभं असतं, आणि आत कुणाचं तरी भाडं निघायचं असतं.

भेटूया. धंदा करा, पण मोजून करा!